प्रशिक्षकाच्या ईमेलला उत्तर देण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. सहाही कॉलेजं लहान, ओहायो आणि न्यू इंग्लंडकडची, आणि प्रत्येकाचा जलतरणाचा संघ आहे. अमेरिकेतून प्रशिक्षकांचे ईमेल येऊ लागल्यावर घरात आनंद होणारच. पण बाबांनी नातेवाइकांना "पोहण्यावर स्कॉलरशिप मिळतेय" असं सांगण्याआधी त्यांना हे पत्र वाचायला दे.

तुझी सगळी कॉलेजं एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, डिव्हिजन थ्री या गटातली आहेत. या गटात खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही, नियमच तसा आहे. मदत मिळते ती घरची ऐपत पाहून किंवा अभ्यासातल्या गुणांवर. म्हणून तिथलं पोहणं हलकं असतं असं मात्र समजू नकोस. केनियन कॉलेजच्या मुलांच्या संघाने १९८० पासून २०१० पर्यंत सलग ३१ वर्षं डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद राखलं. २०११ मध्ये ओहायोतल्याच डेनिसनने ते एका गुणाने हिसकावलं. त्यातल्या एकालाही पोहण्याची स्कॉलरशिप नव्हती.

मग प्रशिक्षकाच्या हातात काय असतं? प्रवेशाच्या वेळी तुझ्या बाजूने शब्द टाकणं. बरेच प्रशिक्षक उन्हाळ्यात गुणपत्रिका मागवून प्रवेश कार्यालयाचा अंदाज घेतात, त्याला प्री-रीड म्हणतात. तो मागितला की लगेच विचार, "आर्थिक मदतीचाही अंदाज आत्ताच मिळेल का?" हे विचारायला लाजू नकोस. कारण पुढची पायरी असते अर्ली डिसिजनचा आग्रह. तो बांधून घेणारा अर्ज असतो. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे इतरांनी किती मदत देऊ केली असती ते कधी कळतच नाही. पैशांचा अंदाज हाती आल्याशिवाय त्यावर सही करू नकोस.

आता खर्च. छापील फी बघून घाबरू नकोस आणि सवलतीचा आकडा बघून हुरळूनही जाऊ नकोस. अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त ट्यूशन माफ करतात, त्यामुळे "तुमची खास निवड झाली आहे" हे पत्र पुष्कळ घरी जातं. हिशोब चार वर्षांचा मांड. समज, एकूण खर्च वर्षाला ६०,००० डॉलर आणि सवलत ३०,०००. घरी सगळे चार गुणिले तीस करून १,२०,००० धरतात. पण हा खर्च दरवर्षी ४ टक्के वाढला आणि सवलत तेवढीच राहिली, तर भरावे लागतात जवळजवळ १,३४,८००. वर आरोग्य विमा, विमानाची तिकिटं आणि रुपयाची घसरण. सवलत टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, आणि पोहणं सोडलं तरी ती राहते का, ही दोन्ही उत्तरं लेखी घे. खांदा दुखावलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून सांगते.

अ‍ॅमहर्स्ट आणि बोडिन ही दोन लहान कॉलेजं परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना ऐपत बघत नाहीत आणि गरजेची पूर्ण रक्कम भरून काढतात. दोन्हीकडे संघ आहे. प्रवेश अतिशय अवघड, पण तुझे गुण बघता ती यादीत असायलाच हवीत. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की परदेशी मुलांच्या प्रवेशाची शक्यता कमी होते.

पदवीनंतरचं चित्र बघायला तू अमेरिकी सरकारचं कॉलेज स्कोअरकार्ड उघडलंस, हे चांगलं केलंस. पण तिथले सरासरी खर्चाचे आणि कमाईचे आकडे सरकारी मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे असतात, आणि तुझ्यासारखी व्हिसावर आलेली मुलं त्यात येत नाहीत. म्हणून प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट, म्हणजे कॉलेजं स्वतःची आकडेवारी ज्या ठरावीक नमुन्यात देतात तो तक्ता, शोध. त्यात एच-६ या ओळीत किती परदेशी मुलांना सरासरी किती मदत मिळाली ते असतं, आणि बी विभागात चार वर्षांत किती जण पदवीधर झाले ते. सहा वर्षांचा आकडा मोठा दिसतो, पण पाचव्या वर्षाची फी आपल्याला परवडणारी नाही. विषयाचाही विचार आत्ताच कर. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष काम करता येतं, विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी दोन.

एक काम कुणी सांगत नाही, ते मी सांगते. संघाच्या पानावरची गेल्या चार वर्षांची नावं काढ आणि पहिल्या वर्षाच्या किती मुली चौथ्या वर्षापर्यंत टिकल्या ते मोज. काही लहान कॉलेजं विद्यार्थीसंख्या भरायला संघ मोठे करतात. मुली येतात, दुसऱ्या वर्षी गळतात. प्रशिक्षक चौथ्या वर्षाच्या मुलीशी बोलणं करून देत नसेल, तर मी ते कॉलेज खाली ढकलीन.

आणि कॉलेज तरी टिकेल ना, हेही बघ. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न १८५६ पासून चालू होतं. ३१ मे २०२४ ला ते बंद झालं तेव्हा त्याचा बेसबॉल संघ ओहायोत डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत खेळत होता. अमेरिकेचा शिक्षण विभाग खासगी कॉलेजांच्या आर्थिक प्रकृतीला उणे १ ते ३ असा गुणांक देतो. १.५ च्या खाली असलेलं नाव मी यादीतून काढून टाकते.

रविवारी बाबांबरोबर बसून सहाही कॉलेजांचा चार वर्षांचा हिशोब रुपयांत मांड आणि मला पाठव. एच-६ सापडली नाही तर फोन कर, रात्री दहापर्यंत मी जागी असते.

तुझी,
मावशी