टॉप मॉडेलच घ्यायचं का?

प्रश्न : आम्ही पुण्यात धायरीला राहतो. मिस्टर रोज हिंजवडीला जातात, महिन्यातून एकदा सासूबाईंना घेऊन मुंबई होते. मुलगी ४ वर्षांची. बजेट १२ लाख. शोरूमवाला म्हणतो अजून सव्वा लाख टाका, एडासवालं टॉप मॉडेल घ्या, गाडी स्वतःच ब्रेक मारते. मिस्टर तयार आहेत, मला पटत नाहीये. काय करू?

उत्तर : ताई, तो खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. एडास म्हणजे पुढच्या काचेवर कॅमेरा, काही गाड्यांत जोडीला रडार, पुढचा अगदी जवळ आला की आधी बोंबलतं आणि तरी तुम्ही काही केलं नाही तर ब्रेक मारतं. एक्स्प्रेसवेला कॅमेऱ्याला दिसतील असे लेनचे पट्टे नीट आहेत, तिथे भारी चालतं. पण मिस्टरांचा रोजचा रस्ता नवले पूल, वारजे, चांदणी चौक, तिथे लेन कुठंय हो? डावीकडून कोणी स्कूटर घातली की गाडी बोंबलणार, चार दिवसांत वैतागून माणूस ते बंदच करून टाकतो. आणि नवले पुलाच्या उताराला भीती असते ती मागून ब्रेक फेल होऊन येणाऱ्या ट्रकची, त्याला आपल्या काचेवरचा कॅमेरा काय करणार! शिवाय काच फुटली तर कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो, तो खर्च आत्ताच विचारून ठेवा.

मी असतो तर आधी ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, आहे का विचारलं असतं. पावसात घाटातल्या वळणावर गाडी घसरायला लागली की ते एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सावरतं, शोरूममध्ये दाखवण्यासारखं त्यात काही नाही म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही एवढंच. मग भारत एनकॅपचे, म्हणजे गाडीच्या क्रॅश टेस्टचे स्टार बघा, ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडेच ही टेस्ट होते, ताशी ६४ किमीला गाडी समोरून आदळवतात. एडास नसलेल्या गाड्यांनाही ५ स्टार मिळालेत. लहान मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे असतात, ४९ पैकी, तुम्ही तेच आधी वाचा.

आता सासूबाई. मागे बसणाऱ्याने बेल्ट लावला नाही तर एअरबॅग सहा असोत नाहीतर आठ, फार उपयोग नाही, एअरबॅग बेल्टच्या मदतीलाच असते. आपल्याकडे गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात सीटकव्हर चढतं आणि मागची बकलं त्याच्याखाली गडप! काही कव्हरांनी सीटमधली साइड एअरबॅगपण अडते. मधल्या सीटलाही खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का बघा, नुसता कमरेचा नको.

टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना आणि मुलीला घेऊनच जा. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे हुक बोटांनी चाचपून बघा, चाइल्ड सीट तिथेच लावून मुलीला बसवा. सव्वा लाख वाचले तर त्यातली थोडी रक्कम चांगल्या चाइल्ड सीटला घाला, मिस्टरांना सांगा मी सांगितलंय म्हणून.