सातवीला मूल्यशिक्षण आणि मराठी एकत्र कसं शिकवावं? बोधकथांचं चांगलं पुस्तक कोणतं?

पुस्तकाचं नाव सांगत नाही. ज्या गोष्टीखाली 'तात्पर्य' छापलेलं असतं ती सातवीच्या पोराला दुसऱ्या ओळीतच कळते. मग तो "आपण नेहमी खरे बोलावे" असं लिहून मोकळा होतो. बोधकथा परिपाठात रोज होतेच, तासाला पुन्हा तीच कशाला?

गोष्ट अर्धी सोडा. शंभर-सव्वाशे शब्द, तुमच्याच गावातले, आणि निर्णयाच्या आधी थांबलेले. धुळे-जळगावकडे दिवाळीनंतर ही चालते: व्यापारी काटा मारतो, क्विंटलमागे दोन किलो. म्हणून बाप रात्री कापसाच्या ढिगावर पाणी शिंपडतो. सकाळी व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो आणि बापाला सोडून पोराला विचारतो, "रात्री पाणी मारलं का रे?" बस, इथे वही मिटायची.

सोबत एक आकडा द्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर माल परत. आकडा दिसला की मुलं उपदेश सोडून हिशेबाला लागतात.

चाळीस मिनिटांचा तास धरा. एकदाच वाचा, सपाट आवाजात. बहुतेक तास इथेच फसतात, कारण गुरुजींच्या सुरावरून 'बरोबर' उत्तर फुटतं. बोलण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा: सांगेन, नाकारेन, गप्प. नाहीतर हुशार मुलगा पहिला बोलतो आणि बाकीचे त्याच्यामागे. मग चौघांचे गट, दहा मिनिटं, घरच्या बोलीत. नियम एकच: आधीचा काय म्हणाला ते त्याला पटेल असं सांगितल्याशिवाय आपलं म्हणणं मांडायचं नाही. सौजन्यशीलता शिकवायची ती इथे, तक्त्यावर लिहून नाही. मग पंधरा मिनिटं एकट्याने पाच वाक्यं. त्यांत 'कारण', 'तरीही' आणि 'असतं तर' एकेकदा यायलाच हवं. उरलेल्या वेळात चार वह्या मोठ्याने वाचा.

गटात एखादी मुलगी अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, म्हणते, "मना बाप खोटा नही, काटा खोटा शे." हे वाक्य फळ्यावर जसंच्या तसं घ्या. एका रकान्यावर 'घरचं', दुसऱ्यावर 'वहीतलं' असं लिहा. 'चूक' आणि 'बरोबर' लिहू नका. मना–माझा, शे–आहे हे मुलंच जुळवतात. मग 'तरीही' लावायला सांगा. कुणीतरी लिहितंच: "काटा खोटा आहे, तरीही आपण पाणी मारल्यामुळे ज्याने मारलं नाही त्याचाही भाव पडला." नीती आणि उभयान्वयी अव्यय एकाच ओळीत आलं.

अहिराणीने पोरांची मराठी बिघडते म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांशी माझं कधीच जमलेलं नाही, जमणारही नाही. असोद्याच्या बहिणाबाई (१८८०–१९५१) निरक्षर. त्यांच्या बोलीतली कविता पाठ्यपुस्तकात आली की हेच लोक ती चालीवर म्हणवून घेतात आणि पुढच्या तासाला 'शे' म्हणणाऱ्याला उभं करतात. आईची भाषा अशुद्ध ठरवून त्याच मुलाला संवेदनशीलता शिकवायची म्हणजे कमाल आहे. ज्याला बोलताना धाक असतो तो लिहितानाही तीनच शब्दांची वाक्यं लिहितो. वह्या काढून बघा.

तपासताना एका वेळी दोनच प्रकारच्या चुका धरा, या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ आणि विभक्ती. सगळं लाल केलंत तर पुढच्या खेपेला पाचाची तीन वाक्यं होतात. 'सांगेन' की 'नाकारेन' याला गुण नाहीत. कारण निर्णयाला जोडलंय का, याला आहेत.

हां, वर्गात व्यापाऱ्याचं मूल असेल तर कापूस सोडा, शेताच्या पाणीपाळीची गोष्ट घ्या. "कुणाच्या घरी असं करतात?" हे चुकूनही विचारू नका, संध्याकाळी पालक दारात येतील. चौथीच्या खाली लिखाण दोन वाक्यांवर आणा आणि 'असतं तर' वगळा. रावेर-यावलकडे घरी लेवा बोली असेल, तर पहिला रकाना तिचा.