कायदेविषयक प्रश्नोत्तरे : बंद घराची घरफोडी आणि सापडलेला हंडा

प्रश्न : आमचे घर राजापूर तालुक्यात आहे. शिमगा आटोपल्यावर आम्ही ते बंद करून मुंबईस आलो. गणपतीच्या आधी गावी गेलो, तेव्हा मागच्या पडवीवरची कौले काढून चोरट्यांनी पितळेचे दोन हंडे, घंगाळ, समया व देवाची चांदीची भांडी नेल्याचे आढळले. पुढे पोलिसांनी दोघांना पकडले आणि एक हंडा व घंगाळ भंगारवाल्याकडून हस्तगत केले. वर्तमानपत्रात ‘गुन्हा उघडकीस, आरोपींची कबुली’ असे छापून आले. मग आता खटल्यात उरले काय? भांडी परत कधी मिळतील? प्रत्येक तारखेला राजापूर गाठावे लागेल का? माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडच्या काउंटी न्यायालयांत अशी प्रकरणे समझोत्याने लवकर मिटतात, असे तो सांगतो. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गुन्हा उघडकीस येणे ही पोलिसांच्या दप्तरातील नोंद आहे. खटल्याचा निकाल ही न्यायालयाची गोष्ट असून तिची सुरुवात दोषारोपपत्र दाखल झाल्यावर होते. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार, तिच्यातील ज्या भागामुळे एखादी वस्तू सापडली तेवढाच भाग वापरता येतो. म्हणजे ‘हंडा अमुक भंगारवाल्याला विकला’ हे सांगणे व त्यानंतर हंडा तेथे मिळणे उपयोगी आहे. ‘चोरी मीच केली’ हे वाक्य नाही.

कौले काढून आत शिरणे ही कायद्याच्या भाषेत घरफोडीच आहे, आणि घर बंद होते म्हणून गुन्हा हलका होत नाही, कारण भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ राहत्या घराप्रमाणेच मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीलाही लागू होते. (१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुन्या दंड संहितेची ३८०, ४५४ व ४५७ ही कलमे लागतात.) खरी अडचण वेगळीच आहे. चोरीसाठी केलेल्या घरफोडीस कलम ३३१ खाली दहा वर्षांपर्यंत, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झाली असल्यास चौदा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आपले घर शिमग्यापासून भाद्रपदापर्यंत बंद होते. चोरी रात्री झाली की भरदुपारी, हे कोण सांगणार? चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो तो चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा असावा, असे न्यायालय गृहीत धरू शकते. पण चोरीची तारीखच ठाऊक नसेल, तर ‘लवकरच’ कशावरून मोजायचे? म्हणून वाडीतील ज्या शेजाऱ्याने घर शेवटचे शाबूत पाहिले, त्याचा जबाब तपासात नोंदला गेला आहे की नाही, याची आजच चौकशी करावी. कोकणातील बंद घरांच्या खटल्यांत हा जबाब हंड्याइतकाच मोलाचा असतो, आणि नेमका तोच राहून जातो.

हंडा आपलाच आहे, हे सिद्ध करणे हा दुसरा कळीचा मुद्दा. पितळेचे हंडे घरोघरी सारखेच दिसतात. परंतु आपल्याकडे भांड्यांवर नाव व साल घालण्याची जी पद्धत होती, ती येथे साक्षीदारासारखी कामास येते. नाव नसेल, तर पोच, डाग दिलेली कडी, लग्नकार्यातील छायाचित्र यांपैकी जे असेल ते पुढे करावे. वितळवलेल्या पितळेची मात्र ओळख पटवता येत नाही.

भांड्यांसाठी निकालापर्यंत थांबण्याची गरज नाही. मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा. पंचनामा व छायाचित्रे करून, बंधपत्र घेऊन वस्तू लवकर परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले आहे. न्यायालयाने मागितल्यास भांडी हजर करण्याची हमी द्यावी लागते; तोवर ती विकू वा आटवू नयेत.

प्रत्येक तारखेस येण्याचे कारण नाही. खटला सरकारच्या वतीने सहायक सरकारी अभियोक्ता चालवतात. समन्स मिळाल्यावर साक्षीस मात्र आलेच पाहिजे. भांडी परत मिळाली म्हणून साक्ष टाळणारे फिर्यादी पुष्कळ असतात, आणि मग आरोपी सुटल्यावर दोष न्यायालयाला देतात.

भाचा म्हणतो ते त्या देशापुरते खरे आहे. तेथे सरकारी वकील व बचाव पक्ष वाटाघाटी करतात, आरोपी बहुधा कमी गंभीर आरोप कबूल करतो आणि बहुतेक प्रकरणे साक्षीपुराव्याविना संपतात. आपल्याकडेही ‘प्ली बार्गेनिंग’ आहे, पण ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरते. चोरीसाठी केलेली घरफोडी त्यात बसत नाही. आरोपीच्या नातेवाइकांनी पैसे देऊ केले, तरी आपल्या संमतीने हा गुन्हा मिटत नाही. आरोप ठेवताना आरोपी न्यायालयात स्वतःहून गुन्हा कबूल करू शकतो. जामिनाअभावी तुरुंगात राहिलेले कित्येक जण तसे करतात आणि भोगलेली कैद शिक्षेतून वजा होते. चौदा वर्षांचा आकडा वाचून आपण मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत, हेही सांगावेसे वाटते. हे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतात व त्यांना तीन वर्षांपर्यंतच कैद देता येते. आरोपी दोषी असून अधिक शिक्षा आवश्यक आहे असे त्यांना वाटल्यास ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. त्यांची मर्यादा सात वर्षांची आहे.

प्रश्न : आमच्या घरफोडीत पोलिसांनी ‘अ’ समरी पाठवली. म्हणजे माझी फिर्याद खोटी ठरली का? — एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : नाही. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, परंतु आरोपी मिळाला नाही. खोट्या फिर्यादीसाठी ‘ब’ समरी असते. समरी मंजूर होण्यापूर्वी आपणास न्यायालयाची नोटीस मिळावयास हवी. तपासात काही राहिले असल्यास तेव्हा लेखी हरकत घ्यावी. आरोपी पुढे कधी सापडला, तर तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. घराचा विमा असल्यास समरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी, कारण दाव्यासाठी विमा कंपनी ती मागू शकते.