अभंगाच्या ध्वनिमुद्रणासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न: मी पेटीवर अभंग गातो. माझ्याकडे विंडोजचा साधा लॅपटॉप आणि यूएसबी मायक्रोफोन आहे. आधी पेटी, मग गायन आणि शेवटी मित्राचा तबला असे वेगवेगळे ध्वनिमुद्रण करण्याचा विचार आहे. ऑडॅसिटी पुरेल की विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे? फार खर्च झेपणार नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: आपल्याला एकावर एक ट्रॅक भरायचे असल्याने माझा कौल रीपर या विकतच्या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरला आहे. ऑडॅसिटी पूर्णपणे मोफत असून एकट्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, काटछाट, खरखर कमी करणे ही कामे ते चोख करते. 2022 साली आलेल्या 3.2 या आवृत्तीपासून गाणे वाजत असतानाच इफेक्ट बदलून ऐकण्याची सोयही त्यात झाली आहे. तरीही पेटी एका कडव्यापुरती दबती ठेवायची असेल किंवा अनेकदा गायलेल्या अंतऱ्यातला उत्तम तेवढा निवडायचा असेल, तर रीपरमध्ये हात अधिक मोकळा राहतो. ते 60 दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येते आणि त्यानंतर वैयक्तिक वापराचा सवलतीचा परवाना 60 डॉलरना मिळतो. मुदत संपल्यावरही ते चालू राहते, परंतु म्हणून परवाना टाळत राहणे मला पटत नाही. क्रॅक केलेल्या महागड्या सॉफ्टवेअरच्या वाटेला तर जाऊच नये. त्याच्याबरोबर लॅपटॉपमध्ये आणखी काय शिरेल याचा नेम नसतो.

सॉफ्टवेअर कोणतेही घेतले, तरी नवख्याला खरा त्रास होतो तो स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येण्याचा. 48,000 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेताना, बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो तुकडा) 1024 नमुन्यांचा असेल तर केवळ तेवढ्यानेच सुमारे 21 मिलिसेकंदांचा उशीर होतो, आणि 128 ठेवल्यास तो 3 मिलिसेकंदांच्या आत येतो. मात्र बफर फार लहान केल्यास साध्या लॅपटॉपवर आवाज तुटू लागतो. आपल्या मायक्रोफोनलाच हेडफोन जोडण्याची सोय असेल तर आवाज थेट तेथूनच ऐकावा. ती नसल्यास सॉफ्टवेअरमधून स्वतःचा आवाज ऐकणे बंद करून एक कान उघडा ठेवून गावे. अनेक गायक तसेच गातात.

आपण ठरवलेला क्रम मात्र मी बदलेन. अभंगाची लय शेवटाकडे चढत जाते, त्यामुळे आधी एकट्याने भरलेल्या पेटीवर नंतर ठेका बसवताना तबलजीची पंचाईत होते, आणि एकाच गतीने चालणारा मेट्रोनोम लावला तर गाण्यातली ती चढच नाहीशी होते. म्हणून मित्राला आधी बोलवावे, आपण हळू आवाजात गुणगुणत राहावे व त्याचा 8 मात्रांचा भजनी ठेका प्रथम भरून घ्यावा. पेटीचे सूर जागचे हलत नसल्याने तबला आपल्या पट्टीत, म्हणजे आपण काळी एकमध्ये गात असाल तर त्याच षड्जाला मिळवलेला असावा. नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने ही जुळणी नीट होत नाही.

मायक्रोफोनची सोय असल्यास ध्वनिमुद्रण 24 बिटवर (यात आवाजाच्या पातळीची नोंद अधिक बारीक होते) करावे आणि तार षड्जाला मीटरचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. शून्यापलीकडे जाऊन फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

ऑडिओ इंटरफेसची, म्हणजे मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या वेगळ्या उपकरणाची, घाई नको. दाया आणि डग्ग्यासाठी दोन मायक्रोफोन एकाच वेळी लावण्याची गरज भासेल तेव्हा तो घ्यावा. तोवर आहे तोच मायक्रोफोन जोडीसमोर हातभर अंतरावर ठेवून भागेल.