एक्सेलमध्ये एकापेक्षा जास्त अटी पाळणाऱ्या ओळी कशा मोजायच्या? काउंटइफ्स शून्य का दाखवतं?

तुमची नवी पेठेत अभ्यासिका आहे, शीटमध्ये 180 मुलं आहेत आणि सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅचमधल्या किती जणांची फी थकली आहे ते तुम्हाला हवंय. काउंटइफ्स या अटींनुसार ओळी मोजणाऱ्या फंक्शनमध्ये दोन्ही बॅच आणि बाकी रक्कम अशा तीन अटी घातल्या तर उत्तर 0 येतंय, असं तुम्ही लिहिलंय.

ते शून्य बरोबर आहे. एकाच ओळीत बॅच 'सकाळ' पण आहे आणि 'संध्याकाळ' पण आहे, असा मुलगा तुमच्या यादीत एकही नसणार. आपण बोलताना 'सकाळच्या आणि संध्याकाळच्या मुलांची फी' म्हणतो तेव्हा मनात दोन गटांची बेरीज असते. काउंटइफ्स एकेक ओळ घेतं, तिला सगळ्या अटी लावून बघतं आणि सगळ्या जुळल्या तरच ती मोजतं. त्यामुळे सूत्र लिहायच्या आधी तुमचा 'आणि' खरा 'आणि' आहे की तो 'किंवा' आहे, एवढं ठरवून घ्या. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घोळ इथेच होतात.

आधी साधी गोष्ट. समजा सी स्तंभात बॅच, डी मध्ये प्रवेशाची तारीख, ई मध्ये बाकी रक्कम आहे. सूत्रं मी इथे देवनागरीत लिहितेय. टाइप करताना फंक्शनची नावं आणि स्तंभांची अक्षरं इंग्रजीत घ्या. फक्त सकाळची, फी थकलेली मुलं:

=काउंटइफ्स(सी2:सी181,"सकाळ",ई2:ई181,">0")

आधी स्तंभ, मग त्याची अट, अशा जोड्या. दोन्हीकडे ओळी सारख्याच हव्यात. एकीकडे 181 आणि दुसरीकडे 180 झालं की व्हॅल्यूची एरर येते. मर्यादा एखाद्या सेलमधून घ्यायची असेल, समजा एच1 मध्ये 500 लिहिलेत, तर ">"&एच1 असं लिहा. सगळंच अवतरणात घातलं तर एक्सेल एच1 हा नुसता शब्द समजतं.

आता तुमचा प्रश्न. वरचं सूत्र एकदा 'सकाळ' घालून, एकदा 'संध्याकाळ' घालून लिहा आणि मध्ये अधिकचं चिन्ह द्या. झालं. एक मुलगा एकाच बॅचमध्ये असतो, म्हणून ही बेरीज बिनधोक आहे.

'किंवा' दोन वेगवेगळ्या स्तंभांत गेला की मात्र सांभाळा. मी सदाशिव पेठेतल्या एका खानावळीचा हिशेब बघते. एका संध्याकाळी काकूंनी विचारलं, भाकरीवाले आणि कमी तिखटवाले मिळून वेगळे डबे किती काढू? मी दोन काउंटइफ (एकच अट घेणारं फंक्शन) केले, 14 आणि 9, आणि 23 सांगितले. डबे भरून झाले, मुलं घेऊन गेली, चार डबे ओट्यावर तसेच उरले. चार मुलांना भाकरीही हवी होती आणि तिखटही कमी हवं होतं, ती दोन्हीकडे मोजली गेली होती. खरा आकडा 19. काकू काही बोलल्या नाहीत, पण भरलेलं अन्न उरलेलं बघणं मला फार लागलं. तेव्हापासून दोन काउंटइफच्या बेरजेतून दोन्ही अटींचं काउंटइफ्स वजा केल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. तुम्हाला 'सकाळची बॅच किंवा फी बाकी' असं मोजायचं असेल तर तसंच करा.

तारखांसाठी एकच स्तंभ दोनदा वापरता येतो. जून 2025 मध्ये आलेली, फी बाकी असलेली मुलं:

=काउंटइफ्स(डी2:डी181,">="&डेट(2025,6,1),डी2:डी181,"<"&डेट(2025,7,1),ई2:ई181,">0")

'30 जूनपर्यंत' असं न लिहिता '1 जुलैच्या आधी' असं लिहिलंय ते मुद्दाम. प्रवेश गूगल फॉर्मवरून घेत असाल तर तारखेला वेळही चिकटून येते, आणि 30 जूनच्या दुपारी भरलेला फॉर्म नुसत्या '30 जून'पेक्षा मोठा ठरतो. तो मग मोजणीतून गळतो.

तरी आकडा कमी आला तर शीटमधला मजकूर तपासा. 'सकाळ'च्या पुढे राहिलेली एक मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, एक्सेलला दिसते. मराठीत तर ऱ्हस्व-दीर्घही आहे: पत्त्यात कोणी कोथरूड लिहितं, कोणी कोथरुड, आणि हे दोन वेगळे शब्द धरले जातात. मोकळ्या जागा ट्रिम या फंक्शननं काढता येतात. बॅचसाठी डेटा व्हॅलिडेशनची (सेलमध्येच पर्याय निवडायची) यादी लावून टाका, म्हणजे कोणी टाइप करायलाच नको. रकमेच्या रकान्यात '1200 रु.' असं लिहिलं असेल तर तो मजकूर होतो आणि ">0" मध्ये मोजला जात नाही. अशा सेलमधला आकडा सहसा डाव्या कडेला चिकटलेला दिसतो, खरे आकडे उजवीकडे असतात.

काउंटइफ्स एक्सेल 2007 पासून आहे, गूगल शीट्समध्येही असंच चालतं. असंच मोजायला सम्प्रॉडक्ट या दुसऱ्या फंक्शनची लांबलचक सूत्रं दिसतात, ती बरेचदा त्याआधीच्या काळातली असतात. तुमच्या कामाला त्यांची गरज नाही.

पालकांना फोन लावण्याआधी एकदा फिल्टर लावून बॅच आणि बाकी निवडा. एक्सेलमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात 180 पैकी किती ओळी सापडल्या ते दिसतं. सूत्राचा आकडा त्याच्याशी जुळला नाही, तर पहिल्यांदा ई स्तंभाची डावी कड बघा.