पोटाचा टीबी: तुकडे दोन बाटल्यांत

प्रश्न : छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, थुंकीत जंतू नाहीत. तरी पोटाचा टीबी असू शकतो का? खात्री कशी करायची?

उत्तर : असू शकतो. पोटाचा टीबी असलेल्या बऱ्याच रुग्णांची फुप्फुसं ठीकच असतात. जंतू बहुधा लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, उजव्या बाजूला खाली, ठाण मांडतात. नाहीतर पोटाच्या अस्तरावर किंवा गाठींत.

पोटात पाणी झालं असेल तर सुईने काढून तपासतात. त्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, अल्ब्युमिन या प्रथिनाचं रक्तातलं आणि या पाण्यातलं प्रमाण यांतला फरक १.१ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) लिटरमागे साधारण ४० युनिटच्या वर असेल, तर संशय बळावतो. सिरॉसिस (यकृत निबर होणं) असेल तर मात्र हे आकडे फसवतात. या पाण्यात जंतू क्वचितच दिसतात, म्हणून जीनएक्स्पर्ट (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आला तरी टीबी नाही असं ठरत नाही.

आतड्यात जखमा असतील तर कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं पाहणं) करून जखमेच्या कडेचे आठ-दहा तुकडे घ्यावे लागतात. चूक इथेच होते : सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये टाकले जातात. फॉर्मालिन जंतू मारतं, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, कशाची करणार? काही तुकडे सलाइनच्या वेगळ्या बाटलीत जायला हवेत. तपासणीआधीच हे विचारून ठेवा, नंतर विचारून उपयोग नाही. औषधांना जंतू दाद देत नसतील तर तेही कल्चरमध्ये कळतं. द्रव माध्यमात ‘वाढ नाही’ म्हणायलाच सहा आठवडे लागतात.

प्रश्न : एक डॉक्टर टीबी म्हणतात, दुसरे क्रोन्स. आता?

उत्तर : क्रोन्स म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा, टीबीच्या जंतूमुळे न होणारा आजार. दोन्ही आजार खरोखर सारखे दिसतात. टीबीच्या जखमा बहुधा आडव्या, क्रोन्सच्या लांबट; पण एवढ्यावर विसंबू नये. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर आजार पसरतो, म्हणून शंका असताना बरेचदा आधी टीबीची औषधं देतात. बरं वाटणं हा पुरावा नव्हे, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही काही काळ बरं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करावी. जखमा भरल्या असतील तर टीबीच धरून औषधं पूर्ण करायची, साधारणपणे एकूण सहा महिने. नसतील तर निदानाचा, किंवा औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचा, पुन्हा विचार.

प्रश्न : रक्ताच्या तपासणीने भागेल का?

उत्तर : नाही. टीबीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं (अँटिबॉडी) रक्तात शोधणाऱ्या तपासण्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितलं. माँटू (हातावर टोचून करायची त्वचेची तपासणी) पॉझिटिव्ह आली तर शरीराची जंतूशी कधीतरी गाठ पडली असावी, एवढंच.