शिबिरानंतरच्या दिवसाविषयी

कोल्हापूर

प्रिय मुली,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

भुदरगडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर आपल्या चर्चच्या मंडळीतर्फे आरोग्य शिबिर घ्यायचे तुम्ही तरुणांनी ठरवले असून वैद्यकीय बाजू तुझ्याकडे आली आहे, हे वाचून फार समाधान वाटले. तुझ्या पत्रात औषधे, गाडी, जेवण आणि गीते गाणारी मुले यांची तयारी सविस्तर आहे. परंतु शिबिर आटोपून गाडी गारगोटीच्या रस्त्याला लागल्यावर वाड्यावरच्या रुग्णांचे काय होणार, याविषयी त्यात काहीच नाही, आणि मला लिहायचे आहे ते त्याविषयीच.

चांगल्या शोमरोन्याचा बायबलमधला दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने पट्ट्या बांधल्या, एवढेच आपल्या ध्यानात राहते. पण त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी निघताना तिथल्या रक्षकाच्या हाती पैसे दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगितले. स्वतःला थांबणे शक्य नव्हते, म्हणून त्याने जखमीला थांबणाऱ्याच्या हाती सोपवले. तुमच्यासाठी असे थांबणारे हात म्हणजे गावची आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. शिबिराचा दिवस ठरवण्याआधी त्यांना भेट. बाजारचा वार कोणता, ऊसतोडीला कोण गेले आहे, कोणत्या घरात बाळंतीण आहे, हे आशाताईंइतके कोणालाच माहीत नसते.

रक्तदाबाचे उदाहरण घे. चढण चढून आलेल्या आजींना रांगेतून उठवून लगेच दाब मोजलास, तर आकडा चढाच येईल. त्यांना पाच मिनिटे निवांत, पाठ टेकून बसू दे. चहा नुकताच झाला असेल तर अर्धा तास जाऊ दे. पट्टा लुगड्याच्या पदरावरून किंवा चोळीच्या बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांध, हात हृदयाच्या पातळीवर टेकव आणि मोजताना त्यांच्याशी बोलू नकोस. इतके करूनही 140/90 च्या वर आकडा आला, तर एकदाच्या मोजणीवर सहसा निदान होत नाही. पुन्हा वेगळ्या दिवशी मोजावे लागते. म्हणून आजींच्या हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या ठेवून निघून येणे मला मान्य नाही. गोळ्या संपतात, बरे वाटत असते म्हणून कोणी पुढच्या आणत नाही, आणि दाब मात्र आत आपले काम करत राहतो. आकडा कागदावर लिहून आजींना दे, त्याची नक्कल सिस्टरांकडे ठेव आणि पुन्हा मोजण्याचा दिवस तिथेच ठरव. दाब फारच चढा असेल किंवा छातीत दुखणे, धाप अशी लक्षणे असतील, तर मात्र त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचव.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाला खोकल्याचे औषध देऊन घरी पाठवू नकोस. थुंकीची तपासणी होईल अशी व्यवस्था कर. क्षयाचे उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मोतीबिंदू दिसला तर नुसते सांगून भागत नाही, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कोण घेऊन जाणार ते नाव लिहून ठेव. सुई आणि सलाईन अनेक जण आग्रहाने मागतील. गरज नसेल तर नम्रपणे, पण ठामपणे नाही म्हण. साप चावल्यास चिरू नये, आवळून बांधू नये, अवयव न हलवता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे, एवढे मात्र प्रत्येक घरात सांगून ये, कारण त्या डोंगरात ही माहिती कोणत्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आपल्या भागात मिशनचे काम 1852 पासून, अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासूनचे आहे. 1889 साली भारतात आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला रुग्णालय उभे केले. पुढे अनेक वर्षे ते तिथेच राहिले आणि त्यांनी इथल्याच मुलांना वैद्यकाचे शिक्षण दिले. लोकांचा विश्वास बसला तो त्या मुक्कामामुळे, असे मी मानतो. तुम्हाला तिथे मुक्काम करता येणार नाही, पण परत जाता येईल.

प्रार्थनेविषयी तू विचारले आहेस. औषधाच्या रांगेत प्रार्थना नको, पत्रकेही नकोत. ज्याला गोळी हवी आहे त्याला नाही म्हणण्याची मोकळीक नसते, आणि अशा वेळी मिळवलेला होकार प्रभूच्या नावाला शोभत नाही. कोणी आपणहून प्रार्थना मागितली तर काम बाजूला ठेवून, त्यांच्याजवळ बसून, मनापासून कर. तुम्ही कोणाच्या नावाने आलात असे विचारले, तर संकोच न करता सांग.

दुसऱ्या फेरीची तारीख पक्की झाल्याशिवाय पहिली गावाला कळवू नकोस. औषधांची यादी, मुदतीच्या तारखांसह, या आठवड्यात माझ्याकडे पाठव; मी पाहून देईन, आणि सिस्टरांना भेटायला जाशील तेव्हा मीही बरोबर येईन.

तुझा,
काका